वेताची शिंगं

३ फेब्रुवारी

लहानपणी कवितेच्या तासाला गुरुजी डुलायला लागले, की त्यांची वेताची खुर्ची कुर्र-कुर्र करायची. तोच ठेका धरून आम्ही कविता म्हणायचो. आज भिजवलेला वेत वाकवताना अगदी तोच आवाज आला आणि मी म्हातारा भर कारखान्यात डुलायला लागलो. समोरच्या शिलाईबाई गालात हसल्या.

नाटक मंडळींच्या या कारखान्यात आजच रुजू झालो. नातीनं शब्द टाकला होता. नव्या नाटकात ती रानराणी, आणि तिच्या मुकुटाची शिंगं मी करायची. आधीचे कारागीर सांगाडा अर्धाच टाकून गेलेत. खोली ऐसपैस. देखावे ने-आण करायचे म्हणून दार इतकं उंच, की उंटावरच्या शहाण्यालाही वाकावं लागणार नाही.

५ फेब्रुवारी

वेत तारेनं बांधला, वर खळीत बुडवलेल्या कागदाचे थर. एक थर वाळेपर्यंत एक कविता, असा हिशेब. शिलाईबाईंनी बजावलं, मुकुट लाकडी डोक्यावरच बसवून बघायचा, आपल्या नाही. आधीचे बुवा म्हणे शेवटी शेवटी डोक्यावर काही नसतानाही या दारातून वाकून यायचे. एक दिवस आलेच नाहीत. मी म्हटलं, उसण भरली असेल.

नात डोकावली, घालून बघते म्हणाली. दटावून पिटाळली. जाता जाता मला हेडमास्तर म्हणाली.

९ फेब्रुवारी

शिंगं झाली. झोकदार आहेत, पण जड वाटतात. लाकडी डोक्याला मान कुठे असते दुखायला? पोरीची मान अवघडली तर? आसपास कुणी नव्हतं. क्षणभर मुकुट माझ्याच डोक्यावर घातला. पेलेल तिला.

मुकुट टेबलावर ठेवून चहाला गेलो. परतलो तर लाकडी डोक्यावर होता. शिलाईबाईंनी ठेवला असेल.

१० फेब्रुवारी

आज दारातून आत येताना मान आपसूक झुकली. शिलाईबाईंची कात्री थांबली.

१२ फेब्रुवारी

डोक्यावर ओझं आहे. चाचपलं तर नुसतं टक्कल. चाललो की वर कुर्र-कुर्र. तो आवाज बुडवायला कविता म्हणायला गेलो, तर एक ओळ आठवेना. नुसता ठेका —

१३ फेब्रुवारी

उशीवर मान टेकत नाही. काहीतरी भिंतीला अडतं.

१४ फेब्रुवारी

मुकुट शेगडीत घातला. शिलाईबाईंनी अडवलं नाही. वेत कुरकुरत जळाला. ओझं तसंच —

असू दे. मी पिकलं पान. पोरीच्या डोक्यावर गेला नाही, तेवढं पुरे. ती मावशीकडे आहे. चार दिवस तरी येत नाही. तोवर काही सुचेल —

१५ फेब्रुवारी

कुर्र.

मी हललो नाही. मी तर बसलोय. आवाज दाराबाहेरून —

पावलं ओळखीची. नात. आजच कशी —

दार उघडलंय. हसतेय. मी चहाला गेलो होतो तेव्हाचं काहीतरी सांगतेय. रागावू नका म्हणतेय —

एवढं उंच दार. पोरी, वाकू नकोस. सरळ ये. सरळ —