बारा बाटल्या आणि माझा खोकला

पार्से, गुरुवार

तीर्थरूप कृष्णनाथदादास,

धाकट्या देवकीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीचं प्रेशर आणि कारापूरच्या घराची गळती, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. फोनच केला असता, पण हे दिवसभर शेजारी बसलेले असतात आणि तुझा आवाज मोबाईलमधून पार अंगणात ऐकू जातो. म्हणून पत्र.

चतुर्थीपासून यांचा उजवा हात थरथरतो, ते तुला ठाऊक आहेच. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे म्हणाले, कंपवाताची शंका आहे, त्यात पुष्कळांचं नाक आधी जातं, तेव्हा वासाची परीक्षा घेऊन बघू. मला हसूच आलं. तीस वर्षं काजूच्या दारूची भट्टी लावलेला माणूस, हुर्राक जराशी करपली तरी फाटकातून ओरडणारा, आणि त्याच्या नाकाची परीक्षा!

परीक्षेची कार्डं परदेशातली. नखाने खरवडायचं, हुंगायचं आणि चारांतलं एक उत्तर सांगायचं. उत्तरं काय, तर भोपळ्याचा केक, पाइनचं झाड, ज्येष्ठमधाची गोळी. (भोपळ्याचा केक! आमच्याकडे भोपळ्याची भाजी समोर आली की हे ताट सरकवतात.) त्यात कार्डं हातात देणारी तिथली पोरगी दर कार्डाला गोड आवाजात विचारी, काका, वास येतो का? आता तूच सांग, आपल्यात वास येतो कशाला? सकाळच्या बांगड्यांना संध्याकाळी येतो. परक्या मुलीने हातात दिलेल्या वस्तूला वास येतो असं भल्या माणसाने म्हणावं तरी कसं? हे बाराही वेळा मान हलवून म्हणाले, नाही हो बाय, अजिबात नाही. बारांत शून्य.

मी तिथेच भांडले. म्हटलं, तुमच्या प्रश्नाला अक्कल नाही, माझ्या नवऱ्याच्या नाकाला काय बोलता? नवल म्हणजे तिथल्या डॉक्टर सिद्धीला ते पटलं. ती आपल्या लोकांसाठी वेगळी परीक्षा करू म्हणाली, आणि सामान ठरवायला गावातल्या चारपाच जणांना बोलावलं. दादा, काय ती सभा! सखाराम भटजी सुक्या बांगड्याचं नाव निघताच खुर्ची घेऊन दारात जाऊन बसले. शांताबाईंना हुर्राक चालेना, कारण आपल्या घरी कोणी घेत नाही (त्यांचा नवरा मान खाली घालून ऐकत होता). शेवटी बारा बाटल्या ठरल्या: पोदेराचा ताजा पाव, सुरंगीची फुलं, आमसुलं, काजूची पिकलेली बोंडं, बांगडासुद्धा. प्रश्नही बदलला, "हे कसलं, ओळखा." चार नावं मात्र आधीसारखीच वाचून दाखवायची, त्यातलं एक सांगायचं. बाटल्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने चिकटवल्या.

मंगळवारी परीक्षा झाली. बारांत अकरा! डॉक्टर खूश. म्हणाली, नाक शाबूत आहे, तेव्हा घाई नको, वर्षभराने हात दाखवा. घरी येताना यांनी चौकात सगळ्यांना मिरची भजी चारली. मी सोबत चालत होते. एक घास खाल्ला नाही.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
देवकी

ता. क. अकरा माझे होते रे. मी यांच्या मागे बसले होते. उत्तर दुसरं असलं की दोनदा खोकले, चौथं असलं की चारदा. एकदा मधेच खराखुरा ठसका लागला, तेवढं एक चुकलं. डॉक्टरने मलाच पाणी दिलं. आधी काही ठरलं नव्हतं. पहिली बाटली बोंडांची. ती नाकाशी धरून हे माझ्याकडे वळले, आणि यांचा चेहरा बघवेना. काय करणार होते मी?

ता. क. दुसरं. काल मी विहिरीवरून आले तर घरभर गॅस. शेगडी उघडी, आणि हे तिथेच पेपर वाचत बसलेले. मला म्हणाले, इतकी धावतेस कशाला? दादा, सोमवारी ये. काहीतरी निमित्त काढून यांना पुन्हा डॉक्टरकडे ने आणि माझी लबाडी तिला सांग. माझ्या तोंडून निघणार नाही. यांना मात्र कळू देऊ नकोस, लोकांत मिरवलेत रे ते.

ता. क. तिसरं. कृष्णनाथबाब, हे मी सगुण लिहितो. तुमच्या बहिणीने पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. पेजेचे तांदूळ रोज मीच काढतो, हे ती विसरली. एवढं लिहून झालं की पाकीट पुन्हा चिकटवून तिथेच ठेवीन. माझं अक्षर हल्ली मुंगीएवढं होतं, भिंग घेऊन वाचा. बोंडांचा वास मला गेल्या मोसमापासूनच येत नाही, तिला सांगितलं नव्हतं. मी वाचलं हे तिला कळू देऊ नका, बिचारी खोकताना थरथरत होती. वर्षभर थांबायचं नाही मला. भीती वाटते. सोमवारी पहिल्या बसनेच या.