गर्दी नसलेली तारीख

२१ जानेवारी २०२६, बुधवार

सपनाने आज काहीतरी मागितलं! दीड वर्षात पहिल्यांदा.

मी ओट्यावर तूर पाखडत होते. ती मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. त्यात एक भलंमोठं पांढरं जहाज. आत हॉटेल, वर पोहायचा हौद, मुंबईहून निघतं आणि गोवा, लक्षद्वीप करून पाचव्या दिवशी परत. म्हणाली, "आई, ह्याच्यात एकदा जाऊ का?" मी सूप खाली ठेवलं. आधी हो म्हटलं, कुठं जायचं ते मग नीट पाहिलं.

सुगत गेल्यापासून माझी सून कशालाच हो-नाही म्हणत नाही. सहा वर्षांचं लेकरू, चार दिवसांचा डेंग्यू. मी ताट वाढते म्हणून ती जेवते, एवढंच. आणि आज एकदम जहाज! प्रसेनजित वाशीमहून बँक करून आला, त्याला सांगितलं, तर माझा एवढा मोठा मुलगा रडायलाच लागला. काहीही होवो पण तिला ने, म्हणाला.

आमच्या घराने समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या मागे, तोही उभ्या-उभ्या. आता अनसिंगहून थेट जहाजात! मला तर हसूच येतंय.

२४ जानेवारी, शनिवार

सतीशला फोन केला. रिठदच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकला. गणितात ढ, बोलण्यात हुशार. आता वाशीमच्या स्टँडजवळ तिकिटांचं दुकान आहे त्याचं. जहाजाची माहिती भडाभडा सांगितली आणि वर म्हणतो, सुट्ट्यांमधे नका जाऊ मॅडम, चारचारशे लेकरं असतात बोटीवर. हौदात लेकरं, जिन्यात लेकरं, लिफ्टमधेही लेकरंच.

रस्त्यात दप्तर दिसलं तरी सपना मागे फिरते. तिला चारशे लेकरांमधे पाच दिवस कोंडायचं? म्हणजे ठरलं — लेकरं नसतील तेव्हाच जायचं.

आणि लेकरं कधी कुठं असतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एकतीस वर्षं शाळेचं वार्षिक नियोजन केलंय! जुनं कॅलेंडर उलटं केलं, लाल आणि हिरवा स्केचपेन घेऊन मागे तक्ता आखला. फेब्रुवारीत शिवरात्रीला जोडून सुट्ट्या, लाल. मार्चमधे होळी, परीक्षा संपलेली दहावी-बारावीची पोरं मोकाट, शिवाय प्रसेनजितच्या बँकेची वर्षअखेर. लाल. मे तर अख्खाच लाल. पुढे पावसाळा, समुद्र बंद. उरला एप्रिल. सुरुवातीला गुड फ्रायडेची जोडसुट्टी. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती सोडून आपण कुठं जाणार नाही. पण १७ ते २१! आपल्या शाळांची वार्षिक परीक्षा ऐन भरात, सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष नुकतंच लागलेलं. कुणी आईबाप लेकरू काढणार नाही. हिरवं केलं. सतीश म्हणाला तेव्हा बोट अर्धी रिकामीच असते, भाडंही कमी. सुंठीवाचून खोकला गेला!

एकच गोष्ट. १९ ला सुगतचा वाढदिवस येतो. आठवा झाला असता. सपनाला भीत-भीत सांगितलं. तिने तक्त्यातल्या १९ वर बोट ठेवलं. "असू द्या," म्हणाली. "तोच दिवस बरा हाये."

१ फेब्रुवारी, रविवार, पौर्णिमा

विहारात वंदना झाली. घरी आल्यावर सपनाने ट्रंक उघडली आणि शेजारच्या रूपालीला तीन साड्या देऊन टाकल्या. त्यातली एक लग्नातली. रूपाली घ्यायला तयार नव्हती. मीच म्हटलं, घे गं, पौर्णिमेचं दान आहे, नाही म्हणू नये. सुगत गेल्यावर पुण्यानुमोदन केलं तेव्हापासून मनात असेल तिच्या. भंतेजी सांगतात तसं — दिल्याने मन हलकं होतं. तिचा चेहराही शांत दिसला. फार शांत.

मला आनंदच झाला. पण रूपाली साड्या घेऊन गेली तेव्हा उगाच कसंसं झालं. का ते समजलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

रूपालीची धम्मदीपा आली होती. सुगतच्याच वर्गात होती, दोन वेण्या, एक दात पडलेला. काकूला भेटायचंय म्हणत फाटकाशी उभी. मी तिला तिथूनच परत पाठवली. नवं नाही हे. सुगत गेला तेव्हाच मी गल्लीतल्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगून आले होते, काही दिवस लेकरं आमच्याकडे पाठवू नका. रविवारी सपना आमच्या बैठकीत लेकरांचा धम्मवर्ग घ्यायची, तोही मी विहारात हलवला. पंधरा-वीस जणांचा कालवा असायचा. आणि सगळ्यांवर वरताण सपनाचा आवाज — चपला बाहेर काढा! ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

वळले तर सपना खिडकीत. धम्मदीपा कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होती. मग पडदा सारला. बघा, म्हणूनच पाठवते मी परत.

१० फेब्रुवारी

१७ एप्रिलची तिकिटं घ्यायला सतीशला सांगितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सपनाने स्वयंपाकघर धुऊन काढलं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मुगाची डाळ, साबुदाणा, पिठीसाखर. गॅसचा नंबर, दूधवाल्याचा नंबर, प्रसेनजितच्या पित्ताच्या गोळीचं नाव, सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आत लावलं. अक्षर मोत्यासारखं आहे पोरीचं. मी चेष्टेने म्हटलं, "काहून वं, आमाले काय डाळी वळखू येत नाहीत?" ती हसली. हसली!

सुधारतेय. माझी दृष्ट न लागो.

५ मार्च, गुरुवार

सपनाने शिलाईचं यंत्र बचतगटाला देऊन टाकलं. तिने दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं. गटातल्या बायका तोंडभरून कौतुक करत होत्या, मॅडम, सून नाही, पुण्यवान जीव आहे तुमच्या घरात. मी मान डोलावली.

परत येताना तिने एकदाही त्या यंत्राबद्दल काही म्हटलं नाही. मी माझ्या बदलीच्या वेळी शाळेची घंटा सोडतानासुद्धा रडले होते.

१७ मार्च, मंगळवार

सतीशचा फोन. सपनाने त्याला स्वतः फोन करून खोली बदलून मागितली. गॅलरीची. बाहेर उघडणारं दार असलेली. जास्त पैसे कानातले मोडून देते म्हणाली. काय हे! मी दिले असते. आणि विचारत होती, पहाटे वरच्या मजल्यावर माणसं असतात का. सतीश म्हणाला, त्या फेरीला कोण असणार, चिटपाखरूही नसतं.

प्रसेनजितला म्हणाली, तुम्ही रजा घालवू नका, आम्ही दोघीच जातो. तो हिरमुसला. मी त्याची समजूत काढली. सासू-सुना दोघीच निघालोत फिरायला, गावात सांगावं असं आहे!

तरी आज भाकर थापताना हात थांबला माझा. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. तक्ता पुन्हा पाहिला. सगळं बरोबर आहे. लेकरं कुठंच नाहीत.

३० मार्च, सोमवार

सपनाला घेऊन कामरगावला जाऊन आले, तिच्या माहेरी. बहीण अंजना पनवेलहून येऊन राहिली आहे, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. मे संपेपर्यंत इथंच आहे म्हणाली. जेवणं झाली. निघताना सपना आईच्या पाया पडली, जीपमधे बसली, पुन्हा उतरली आणि आईला मिठी मारून आली. ड्रायव्हर ओरडायला लागला. सपना कधी अशी मिठी मारणारी नव्हे.

रस्ताभर बाहेर बघत होती. मी जहाजावरच्या जेवणाचं विचारत होते, ती हं हं करत होती.

६ एप्रिल, सोमवार, दुपार

लिहिते, नाहीतर वेड लागेल.

अकरा वाजता सतीशने फोन केला, रेल्वेचं पक्कं करायला. म्हणाला, "मॅडम, मुंबईहून अकोल्याचं परतीचं तुमचं एकटीचंच काढून राह्यलो ना? सपनाताईनं सांगतलं, त्यायचं नको म्हने, वाया कायले घालता." मी विचारलं, का रे? तर सपना जहाजावरून उतरल्यावर पनवेलला बहिणीकडे राहणार आहे, असं तिने त्याला सांगितलंय.

अंजना कामरगावात आहे. सपनाला माहीत आहे. आठ दिवसांपूर्वी अंजनाच्या ताटात सपनानेच वाढलं!

फोन ठेवला आणि सगळं समोर येऊन उभं राहिलं. साड्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्या. यंत्र. गॅलरीचं दार. पहाटे वर कोणी असतं का. १९ तारीख. आम्ही दान म्हणत होतो त्याला! मी स्वतः रूपालीच्या हातात ती लग्नातली साडी कोंबली. ती एकेक वस्तू सोडवून मोकळी होत होती आणि मी हिरवा स्केचपेन घेऊन तिच्यासाठी रिकामं जहाज शोधत होते. कुणी बघणारं नाही, कुणी हाक मारणारं नाही असं जहाज. मी! मुख्याध्यापिका!

प्रसेनजितला बोलावलंय. निघालाय. सपना आत कपडे घड्या करतेय. दार मी लोटू दिलं नाही. तिच्याजवळ जाते.

७ एप्रिल, मंगळवार

काल तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "सपना, मले एकटीले कायले परत पाठवत होतीस?"

तिने नाकारलं नाही. हातातला टॉवेल घडी करत राहिली, उलगडून पुन्हा घडी. मग म्हणाली, "घरी कोनी तरी सांगा लागते ना, आई. ह्याईले तुमीच सांगू शकसान. तुमी खंबीर आहा."

म्हणजे मला सोबत नेणार होती ती प्रसेनजितकडे निरोप आणण्यासाठी. मी तिला जवळ ओढलं. एवढ्या दीड वर्षात मी तिच्यासमोर रडले नव्हते, तिला त्रास होईल म्हणून. काल दोघी रडलो, प्रसेनजित उंबऱ्यात येऊन उभा राहिला तरी थांबलो नाही.

मग हळूहळू बोलली. लेकरांबद्दल बोलली. मला वाटायचं ती त्यांना बघून तुटते. तुटायचीच. "पन रविवारी तरी घर भरल्यावानी लागे, आई. लेकरं येत, पसारा करत, मी वरडो. आता कोनीच येत नाही. मले वाटलं, माह्या हातचं पोरगं गेलं म्हनून लोकं आपले लेकरं लपवून राह्यले."

लोक नव्हे, मी. दीड वर्ष मी घरोघर जाऊन तिच्यापासून लेकरं लपवली आणि तिने ती शिक्षा समजून भोगली. हे मला कुठल्या पौर्णिमेला फेडता येणार आहे?

तिला हे सांगितलं. तिने पुन्हा तो टॉवेल उचलला आणि उलगडला.

११ एप्रिल, शनिवार

अकोल्याच्या मनाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. गोळ्या सुरू. गोळ्या माझ्याकडे, कुलपात. तिला एक मिनिट एकटं सोडायचं नाही असं सांगितलंय. प्रसेनजितने महिन्याची रजा टाकली. जहाज रद्द.

डॉक्टर म्हणाले, बरं झालं विचारलंत. विचारल्याने वाढत नाही, सांगायला वाट मिळते. तिकीटवाल्याचा फोन आला नसता तर मी विचारलं असतं का?

रूपाली साड्या घेऊन आली परत. तिला सगळं सांगावं लागलं. ती ओट्यावरच बसून राहिली. मी म्हटलं, धम्मदीपाला पाठव. सगळ्यांनाच पाठव.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. निळे झेंडे घेतलेली लेकरंच लेकरं. सपना बाहेर आली नाही. पण पडदा सारला नाही तिने.

१९ एप्रिल, रविवार

दार सकाळपासून उघडं टाकलंय. नऊला धम्मदीपा आली, मागून सहा जण. ओट्यापाशी येऊन थबकले सगळे. मीच लावलेली शिस्त! या रे, म्हटलं, तरी कुणी हलेना. मग धम्मदीपा धीर करून आत शिरली, धुळीच्या पायांनी, बाकीचे तिच्या मागे.

आतल्या खोलीतून आवाज आला, बसलेला, जेमतेम ऐकू येईल असा.

"चपला बाहेर काढा रे."

२१ एप्रिल, मंगळवार

आज मी मुंबईहून परत निघणार होते. एकटी.

सतीशला फोन केला. म्हटलं, डॉक्टर हो म्हणाले तर दिवाळीच्या सुट्टीतली फेरी बघून ठेव, लेकरांनी गच्च भरलेली. प्रसेनजित, सपना, धम्मदीपा आणि मी. जायची चार तिकिटं. परतीचीही चार.