तीनशे सहाला तीनाने भाग जातो

मी, शिवशंकर व्यंकटराव पतंगे, वय ४६, अविवाहित, कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचा शिक्षक, राहणार डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते लिहितो. येत्या मंगळवारी नांदेडला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर काळजी नको म्हणतात. मला काळजी नाही, एक दुरुस्ती राहिली आहे.

१. बँकेतली शिल्लक आई नर्मदाबाई हिच्या औषधपाण्यासाठी. मोटारसायकल धाकटा भाऊ देविदास याला. माझ्या दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या त्यानेच केल्या. हे आधी नोंदवतो, कारण पुढे त्याच्याविरुद्ध लिहायचे आहे, आणि माझ्याविरुद्ध त्याहून जास्त.

२. वडिलांची जमीन तीनशे सहा गुंठे. आईने आपला हिस्सा लेकरांना सोडला. लेकरे तीन. तरी २०१४ साली आम्ही दोघा भावांनीच ती एकशे त्रेपन्न-एकशे त्रेपन्न वाटून घेतली. त्यासाठी बहीण निलमची हक्कसोडपत्रावर सही घेतली. निबंधक कार्यालयाच्या बाकावर देविदास तिला म्हणाला, "निले, तीनात बराबर भाग पडत न्हाई. दोनात पडतो. इचार तुझ्या मास्तर दादाला."

तिने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत राहिलो. तिने सही केली.

३. अंकांच्या बेरजेला तीनाने भाग गेला, तर त्या संख्येलाही जातो. तीन, शून्य, सहा: नऊ. प्रत्येकी एकशे दोन गुंठे. ही कसोटी निलमला सहावीत मीच शिकवली होती. आणखी एक गंमत शिकवली होती: तीनाच्या पटीतली कोणतीही संख्या घे, तिच्या अंकांच्या घनांची बेरीज कर, येईल तिचे पुन्हा तेच कर, शेवटी १५३ येते आणि तिथून हलत नाही. तीनशे सहापासून निघालो तर २४३, ९९, १४५८, ७०२, ३५१, १५३. माझ्या वाट्याला आलेला आकडा. तेव्हापासून ही गंमत मी वर्गात सांगितलेली नाही.

४. यंदा भाऊबिजेला तिला विचारले, "तुला तेव्हा कळलं होतं?"

"व्हय. नऊ होते की, दादा."

"मग सही काहून केली?"

"तू काई बोलतो का, ते पाहून राहिले होते."

जमीन परत करतो म्हणालो. "जित्या भावाच्या हातातली नको," म्हणाली. "आणि मेल्यावर?" "मेल्यावर तू कुठं चष्मा पुसशील?"

हा मी तिचा होकार धरतो.

५. माझे सर्व एकशे त्रेपन्न गुंठे निलमला. पैकी एक्कावन्न तिचेच, माझ्याकडे अडकलेले. एक्कावन्न देविदासकडे अडकले, ते मी भरतो. त्याच्याकडे कोणी मागू नयेत. उरलेले एक्कावन्न माझ्या गप्प बसण्याबद्दल. ही शिक्षा जास्त तर नाही ना, हे रोजनिशीत तीनदा तपासले. नाही.

६. निलमची मुलगी सृष्टी हिला माझ्या रोजनिशा आणि फळ्यावरचा लाकडी कंपास.

७. देविदास, कोर्टात जाऊ नकोस. मी गेल्यावर तुम्ही भावंडे दोनच उरता. आता दोनाने भाग दे. तुझे गणित बरोबर येते.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

शिवशंकर व्यंकटराव पतंगे (सही)

साक्षीदार:
१. रत्नपाल खिल्लारे, सहशिक्षक (सही)
२. हरिचंद राठोड, शेजारी (सही)

डोंगरकडा, दि. १४ नोव्हेंबर २०२५