गजेंद्रचा एकांत

२ डिसेंबर
आले एकदाची! वरूडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याचे बगीचे संपतात तिथे माझ्या भावाची, गजेंद्रची खोली. अकोल्याहून येताना एसटीत शेजारच्या बाईने अर्धी पिशवी संत्री खाऊ घातली, वर कुठं चालली, काहून चालली, सगळं विचारून घेतलं. खोली झाडली, चूल पेटवली. ऊन मस्त आहे. भावाच्या मरणाचा सूड उगवायला आलेल्या बाईला इतकं बरं वाटू नये, पण वाटतंय.

३ डिसेंबर
मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे त्या जुन्या निसर्गवेड्या कवींना पुरती ओळखून आहे. दिवसभर डोंगरात भटकायचे, एकांताचे गोडवे गायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बहिणीच्या हातचं गरम जेवायचे. वादळ बघायचे तेही खिडकीतून. आमच्या येड्याने मात्र ते सगळं खरं मानलं. नोकरी सोडली, फोन फेकला आणि इथे येऊन राहिला. त्या कवींपेक्षा तो खरा होता, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण त्यांच्यातला कोणी नाल्यात पाय मोडून, तहानेने ओरडत मेला नाही.

५ डिसेंबर
शेजारच्या बगीच्याचे मालक उत्तमराव आले. इथली रीत त्यांनीच सांगितली. दिवेलागणीला जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखायला, आलेला माणूस शेजारच्या शेताकडे हाक देतो, शेजारी ओ देतो. ओ आली नाही की काठी-बॅटरी घेऊन बघायला जायचं. गजेंद्रने त्यांना हात जोडून सांगितलं होतं म्हणे, हाका मारू नका, माझी शांतता मोडते. शिवाय तो टेकडीवर मोठमोठ्याने कविता म्हणायचा. म्हणून नाल्यातून दोन रात्री आवाज आला, तेव्हा आमाले वाटलं, भाऊ कविता म्हणून राहिला. एवढं सांगून ते रडले. मी चहा दिला. माफी नाही दिली. त्या मेल्या उत्तमरावाने उठून चार पावलं टाकली असती तर—

६ डिसेंबर
दिवेलागणीला नाल्यात उतरले आणि गजेंद्रच्या आवाजात ओरडले: उत्तमराऽव, पाणी! आमचे आवाज लहानपणापासून सारखे, फोनवर आईसुद्धा फसायची. उत्तमराव बॅटरी टाकून धूम पळाले. हसून हसून पोट दुखलं. मग रडले. उद्या पुन्हा नाल्यात उतरणार.

१० डिसेंबर
रोज जाते. आसपासच्या शेतांत आता कोणी जागलीला येत नाही, रानडुकरं खुशाल हरभरा उकरून राहिली. उत्तमरावांची बायको, दुर्गाबाई, नाल्याच्या काठी नारळ ठेवून गेली. जाता जाता नवऱ्याबद्दल म्हणाली, यायले ताप भरला, जेवण सुटलं. बाई, तुमीबी खोली सोडा. नाल्यातून आवाज आला तर ओ देऊ नका. मी मान हलवली. भोगा म्हटलं, मनातल्या मनात.

१२ डिसेंबर
घसा पार बसलाय. आज गेले नाही.
तरी हाक आली. नाल्यातूनच. कोणीतरी माझीच चेष्टा करतंय. पण इथे आहेच कोण?

१३ डिसेंबर
पुन्हा. आणखी जवळून. उत्तमराव नाही, पाणी नाही. तायडे, म्हणाला. मला तायडे फक्त गजेंद्र म्हणायचा. भीती वाटलीच नाही, आनंद झाला. बहिणीने ओ नाही द्यायची तर कोणी? दिली.

१४ डिसेंबर
ओट्यावर बसलाय. भर दुपारी. वाटलं होतं, आता दोघं मिळून त्या उत्तमरावाला— पण त्याचा राग उत्तमरावांवर नाहीच. एकच विचारतो. दोन रात्री तो मलाच हाका मारत होता. तायडे, तू काहून नाही आली?
मी अकोल्यात होते रे! तुझ्याकडे फोन नव्हता, मला कसं कळणार—
ऐकत नाही. मोडका पाय ओढत दाराशी—

१५ डिसेंबर
दार लावलंय. दिवस बुडतोय. फटीतून ओरडले, उत्तमराव, वाचवा! फाटक्या घशाने, पुन्हा पुन्हा.
पलीकडे बॅटरी दिसली. तापातसुद्धा आले बिचारे. मग दुर्गाबाईचा आवाज— ओ देऊ नका हो, थोच गजेंद्रभाऊ हाये—
बॅटरी परत फिरली.
दुर्गाबाई, मी आहे, हर्षा! हा त्याचा आवाज नाही, माझा आहे, माझा—
कडी हलतेय. तायडे म्हणतो, आता तरी ये. मी नाही ये