कुलकर्णी मॅडमच्या पायांमागे

२८ ऑक्टो., मंगळ.
पहाटे साडेपाच, पूल. १९०० मी. – ५२ मि. शेख सरांनी स्टॉपवॉच नाकासमोर धरलं. "संदीपभाऊ, साठची मर्यादा हाय. आठ मिनिटं हातात. और क्या चाहिए?"
आनंद व्हायला हवा होता. चिंता पाण्याचीच. सायकल आणि पळणं यांची चिंता नाही, पाण्यातून एकदा बाहेर आलो की पुढचं निभेल. ३० नोव्हें. ला ट्रायथलॉन शर्यत, पोहणं-सायकल-पळणं लागोपाठ.
गेले सात महिने असतो तसा कुलकर्णी मॅडमच्या मागे होतो. वय त्रेसष्ट, बँकेतून रिटायर, ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेत दरवर्षी. पुढचा सुटला की पाच सेकंद थांबून निघायचं, हा क्लबचा रिवाज. आम्ही ट्रायथलॉनवाले दोन सेकंदांवरच सुटतो. पुढच्याच्या पायांशी राहिलं की पाणी ओढून नेतं, दम वाचतो. बाकीचे पोहणारे यावरून चिडतात. मॅडम कधी काही बोलल्या नाहीत.

३१ ऑक्टो.
शर्यतीचा फॉर्म. 'सलग १९०० मी. कोणाच्याही आधाराशिवाय पोहलो आहे.' खाली माझी सही, प्रशिक्षकाची सही. शेख सरांनी न वाचता केली. मी वाचून केली.
घरी मनीषा म्हणाली, "कंपनीत समद्यांना सांगून बसलात. आता तोंड कशाला पाडताय?" खरंय. चितेगावला कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा तारीख विचारतो.

४ नोव्हें.
मॅडम नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर पाणी बंद. शेख सर म्हणाले, "आजपासून लेनमधी पुढं तुम्ही."
पुढं कोणीच नाही. नुसती तळाची काळी रेघ. ३०० मी. ला श्वास अडकला, मध्येच उभा राहिलो, मागचा येऊन आदळला. परत निघालो. परत तेच.
वेळ लिहीत नाही.

७ नोव्हें.
लिहितोच. ६६ मि. दोनदा थांबून.
म्हणजे सात महिने मी पोहत होतो की त्या?

९ नोव्हें., रवि.
जेवताना पोरीनं विचारलं, "बाबा, तुम्ही बुडणार नाय ना?" मनीषानं तिला दटावलं. मग स्वतःच माझ्याकडे बघत बसली.

११ नोव्हें.
कंपनी सुटल्यावर तसाच मुकुंदवाडीला, मॅडमकडे. डोळ्यांवर काळा चष्मा, तरी चहा स्वतःच केला. मी सगळं सांगून टाकलं. ६६ पण सांगितले.
"मला माहीत होतं," म्हणाल्या. "तुझी बोटं माझ्या तळपायाला लागायची ना. लागेनाशी झाली की समजायचं, हा मागे पडला. मग मी हळू व्हायचे."
का, म्हणून विचारलं.
"पहिल्या आठवड्यात तू मागे राहिला होतास. वळून पाहिलं तर भिंतीला धरून थरथरत होतास. बघवेना मला. पण चुकलंच माझं. तेव्हाच तुला पुढे काढायला हवं होतं."
त्यांच्या स्पर्धेचं विचारलं. यंदा पाचव्या. एरवी पहिल्या तिघींत असतात. "वयही झालं असेल रे," म्हणाल्या आणि खारी पुढे केली.
मी सात महिने त्यांना रोज मागे खेचत होतो आणि घरी येऊन वहीत माझी प्रगती लिहीत होतो. फार लाज वाटली. दारात चपला घालेपर्यंत माफी मागायची राहूनच गेली.

१४ नोव्हें.
शेख सरांना खरं सांगितलं. त्यांनी टॉवेलची घडी घालून खांद्यावर टाकली. "साइन मेरी है, भाऊ. पाण्यात काय झालं तर मला इचारतील."
नंतर म्हणाले, "बावीसला धरणावर चला. मी नावेत राहतो. सलग निघालं, साठच्या आत आलं, तर जावा शर्यतीला. नै तर मीच फोन करून नाव काढतो."
आठ दिवस. कोणाला सांगू नये असं वाटतंय. मनीषाला सांगितलं.

१८ नोव्हें.
६३. एकदा थांबलो. आता पाच सेकंद मोजून सुटतो, पुढं कोणी असो नसो.

२० नोव्हें.
६१. न थांबता, पहिल्यांदाच. खुश व्हावं की रडावं. एकच मिनिट, पण कुठून आणू? खांद्यात कळ. उद्या आराम.

२२ नोव्हें., शनि.
धरण. गाडीत बसून लिहितोय. थंडी आहे. शेख सर नाववाल्याशी बोलतायत. लांब एक भगवा फुगा टाकलाय, तिथून वळून यायचं. पाणी मातकट, तळ नाही, रेघ नाही, धरायला भिंत नाही.
मॅडम आल्यात. मी बोलावलं नव्हतं, भाच्याच्या गाडीतून आल्या. काठावर खुर्ची टाकून बसल्यात. आधी माफी मागितली. "ते राहू दे," म्हणाल्या. "दम धरून जा. सुरुवातीला पळू नकोस."
मनीषाचा फोन. "उतरलात का?" नाही म्हटलं. "मग फोन ठेवा की."
शेख सरांना विचारलं, नाव थोडी पुढं ठेवता का, म्हणजे दिशा चुकणार नाही.
"नाव मागं राहील, भाऊ."
हाक मारतायत. जातो.