तांब्याची परात एलाजारदादाला

मी दोसिथेस, शबतयचा धाकटा मुलगा, धंदा चपला शिवण्याचा, राहणार इफिस, चामड्याच्या बाजारामागची गल्ली. पायांत त्राण उरलेले नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी करून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेले नाही. माझ्यामागे काय कोणाचे, ते मीच ठरवतो आहे.

राहते घर, खालच्या दुकानासह, त्रोफिमाला द्यावे. ती माझी दासी होती; बायको गेल्यावर मी तिला मुक्त केले. मला मूलबाळ नाही. माडीवर आमची मंडळी जमते, ती तिने जमू द्यावी. कोण कोण जमते ते येथे लिहिणार नाही.

रापी, आरी आणि लाकडी साचे माझ्याच धंद्यातल्या फिलोनला. माझी ऐरण त्याने उसनी नेली ती नेलीच. तीही आता त्याची समजावी, म्हणजे मला पाहून वाट बदलायला नको.

गुरूच्या शुभवार्तेची गुंडाळीही त्रोफिमाचीच, कारण वाचून दाखवते ती. आमच्या शुभवार्तेत गुरूच्या जन्माचा गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. सुरुवातीलाच उजेड आहे. गुरूच्या शेवटच्या जेवणाची गोष्ट इतर गावांत भाकर आणि प्याल्याची सांगतात, आमच्याकडे परात आणि पंच्याची; त्यात गुरू शिष्यांचे पाय धुतो. जन्मांध माणसाला दिसू लागले आणि यहुद्यांच्या सभास्थानाने त्याला हाकलले, हे वाचताना आमच्यातले म्हातारे डोळे पुसतात. आम्हीही हाकललेलेच.

मला हाकलले ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. एलाजारदादा सभास्थानाचा वडीलधारा. ज्या आवाजात त्याने मला लहानपणी प्रार्थना शिकवली, त्याच आवाजात त्याने भर सभेत माझे नाव वाचले. याचा मला अजून राग आहे आणि मी तो लपवत नाही. सभास्थानाच्या लोकांना यहुदी म्हणून सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळणे माफ आहे. हाकलल्यापासून आम्हाला नाही. जाळला नाही तर मरण. परवा दादाला रोमी अधिकाऱ्यापुढे उभे राहून बाहेर काढलेल्यांची नावे सांगायची आहेत. त्याचे घर भिंतीला भिंत लागून. माझ्या जिन्यावर कोणाचे पाय वाजतात ते त्याला पाठ आहे.

काल दिवेलागणीला दार हळूच वाजले. हल्ली आमची माणसे असेच वाजवतात. डोक्यावरून पांघरूण घेतलेला माणूस पाहून त्रोफिमाला तो आमच्यातलाच वाटला. आमच्याकडे आधी पाय धुतात, नाव मागाहून विचारतात. तिने त्याला बसवले, चपला सोडल्या. मी खाटेवरून ओळखले. चपला माझ्याच हातच्या होत्या, भांडणाआधीच्या. तळवा मात्र दुसऱ्या कोणीतरी लावलेला, तोही वाकडा.

"पाय मागे घेऊ नका, पाणी कोमट आहे," ती म्हणाली.

"बाई, मी कोण आहे, माहीत आहे का तुला?"

"धुऊन झाले की सांगा."

मग तो माझ्याकडे वळला. "दोसिथेस, एकदा सभास्थानात येऊन चुकलं म्हण. तुझं तरी नाव मला घ्यावं लागणार नाही."

"आणि बाकीच्यांची, दादा?"

"मलाही बायकापोरं आहेत. खोटं बोललो तर माझी मान जाईल."

"मग माझंच नाव पहिलं घे. यादीची सुरुवात तरी घरच्या माणसाने होऊ दे."

तो ओल्या पायांनी उठला आणि निघून गेला. चपला इथेच राहिल्या.

गुरूने तर पकडून देणाऱ्याचेही पाय धुतले होते. ऐकायला सोपे आहे. काल माझ्याने झाले नसते. पायांत त्राण नव्हते तेच बरे. त्रोफिमाच्या हातून चुकून झाले, आणि ती चूक मी माझी म्हणून पत्करतो.

तरी तांब्याची परात आणि पंचा एलाजारदादाला द्यावा. परवा तो काहीही बोलो, हे दान रद्द होणार नाही. चपलांचे तळवे मी आज खाटेवर बसून नीट शिवले आहेत. त्या न्यायला येईल त्याच्यासाठी साक्षीदाराची दुसरी जागा मोकळी ठेवली आहे.

इफिस. द्राक्षतोडणीचा महिना, शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या वाराचा, आदला दिवस.

सही: दोसिथेस

साक्षीदार पहिला: फिलोन. ऐरण परत आणली होती, घेत नाहीत.

साक्षीदार दुसरा: एलाजार, शबतयचा थोरला मुलगा. सही दोन दिवसांनी केली. चपला मिळाल्या. या जिन्यावर मी कधी कोणाला पाहिलेले नाही. अधिकाऱ्यालाही तेच सांगून आलो आहे.