हरल्यावरचं दूध

रविवार, डिसेंबर १९७४

फुटबॉलचा हंगाम आत्ता कुठं सुरू झालाय. आमच्या तालमीच्या संघानं पहिला सामना जिंकला, दुसरा गमावला, आज तिसराही. शेवटी गोलकीपर शंकरच्या हातातून चेंडू निसटला. "आता खेळत न्हाय," म्हणून तो बूट सोडून बसला.

जिंकलं की खेळाडूंना गवळ्यांच्या कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं, ही पेठेची रीत. आज संघाला शिकवणारे वस्ताद हरूनही शंकरलाच तिकडं घेऊन निघाले.

"वस्ताद, आज कसलं दूध?" मी विचारलं.

"सर, जिंकल्यावर कोण बी पाजतंय की."

शिक्षक असून मला हे का सुचलं नाही? शंकरनं खालमानेनं पेला संपवला, मिशी पुसली. "वस्ताद, उद्या सराव सकाळीच न्हवं?"

अशा माणसांच्या पेठेत मी राहतो. फार बरं वाटलं.